भिंतीला लागणारी माणसं

शिवणखारच्या वसाहतीत घरांच्या खिडक्या उघडत नसत. त्या बिघडल्या नव्हत्या, केल्याच तशा होत्या. भिंतीत जाड काच पक्की बसवलेली, तिला ना कडी ना बिजागरी. उजेड यायचा, वारा यायचा नाही. दारावर तळहाताएवढा झरोका होता आणि माणसाला लागेल तेवढी हवा त्यातून येते, असं गृहनिर्माण मंडळाचं म्हणणं होतं. आतल्या भिंतींना गिलावा करायचा नाही, रंग द्यायचा नाही, टाइल तर लावायचीच नाही. आणि घर चार दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायचं नाही, ठेवलं तर ते काढून घेतलं जाईल. किल्ली देताना हे नियम मोठ्याने वाचून दाखवले होते. किल्ली हातात पडलेली माणसं नियम ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

या वसाहतीत राहायला आले ते सगळे कचरा वेचणारे. शतकाच्या मध्यावर प्लास्टिक जाळायला आणि पुरायला बंदी आली, तेव्हा शहराच्या कडेला कचऱ्याचे डोंगर उभे होते आणि त्यांच्या पायथ्याशी ही माणसं. मंडळाने दोन्ही प्रश्न एकदम सोडवले. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या पुड्या, औषधांची वेष्टनं, सगळं दळून त्याची खडी केली आणि ती काँक्रीटमध्ये घातली. शहराने शंभर वर्षं जे फेकलं त्याच्या इमारती झाल्या. त्या इमारतींत, ज्यांनी ते उचललं त्यांनाच ठेवलं. या योजनेला तीन पारितोषिकं मिळाली. पारितोषिकं देणारे ज्या घरांत राहत होते ती दगडविटांची होती, पण समारंभात तसं कोणी विचारत नाही.

पाचव्या इमारतीत तळमजल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, श्रावणी खंडागळे आणि तिची मुलगी रीवा राहायच्या. श्रावणी सोसायटीची चेअरमन होती, कारण तिचा आवाज मोठा होता आणि तिला कोणी गप्प करू शकत नसे. नवरा डोंगरावरच्या आगीत गेलेला. तिला आता एकच ध्यास होता: रीवा इथून बाहेर पडली पाहिजे. रीवाची नागपूरला रेल्वेगाडी चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती आणि पावसाळा संपला की तिला हजर व्हायचं होतं. शिवणखारमधून प्लास्टिक बाहेर जात नव्हतं, माणूसही कोणी कायमचं गेलं नव्हतं. रीवा पहिली जाणार होती.

पाचव्या इमारतीतली सगळी कुटुंबं जालन्याकडच्या एकाच गावची. घरं वाटताना श्रावणीने भांडून सगळ्यांना एकाच इमारतीत घ्यायला लावलं होतं. गावात चैत्रात खंडोबाची जत्रा भरे. जत्रेला न जाणं म्हणजे गावाला मेल्यासारखं, आणि जत्रेमागून लग्नं असायची, त्यामुळे गेलेलं माणूस महिनाभर परतत नसे. मग चार दिवसांच्या नियमाचं काय करायचं? श्रावणीला वाटे, घर भाड्याने देऊ नये किंवा विकू नये म्हणून मंडळाने हे केलंय. पाहणी करणारा माणूस खालूनच बघतो, दिवे लागलेत का, दारात चपला आहेत का. तेवढं दिसलं की त्याचं काम झालं.

म्हणून त्या वर्षी त्यांनी तसं केलं. प्रत्येक दाराबाहेर जुन्या चपलांचे जोड मांडले. दोऱ्यांवर दोन-दोन लुगडी वाळत घातली. नितीनमामा म्हणून एक म्हातारे होते, त्यांना गाडीचा प्रवास झेपायचा नाही. सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला बांधल्या आणि संध्याकाळ झाली की दिवे लावत फिरायला सांगितलं. वर राहणाऱ्या स्वप्नीलतात्यांना, ज्यांचे पाय गेले होते, त्यांनासुद्धा खाटेसकट टेम्पोत घालून जत्रेला नेलं. सगळी इमारत गावाला गेली. पाहणी करणाऱ्याने दिवे पाहिले, चपला पाहिल्या, आणि तो निघून गेला.

इमारत मात्र दिव्यांना फसली नाही. महिना भरत आला असताना एका दुपारी मधला जिना वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सुटला आणि कोसळला. नितीनमामा त्याच्यावर होते. गुलाल-भंडारा अंगावर घेऊन परतलेल्या माणसांना मामांचं मयत तयार मिळालं.

चौकशीला डॉ. ईशान वर्तक आले. हे काँक्रीट त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मलं होतं. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. पडलेल्या जिन्याचा तुकडा ते हातात घेऊन चुरत होते आणि तो शिळ्या भाकरीसारखा चुरत होता. श्रावणी समोर उभी राहिली.

"साहेब, सिमेंट कोणी खाल्लं?" ती म्हणाली. "कोणत्या ठेकेदारानं? मला फक्त नाव सांगा."

"सिमेंट कोणी खाल्लं नाही, श्रावणीताई. सिमेंट बरोबर होतं."

"मग बरोबर सिमेंटचा जिना पडला कसा?"

वर्तकांनी तुकडा खाली ठेवला. "घरं किती दिवस रिकामी होती?"

श्रावणी चपापली. तिला वाटलं, आता हा नियम काढून बोट आमच्याकडे दाखवणार. ती खोटं बोलायच्या तयारीत होती, पण मामांचं रक्त अजून धुतलं नव्हतं. "महिनाभर," ती म्हणाली. "पण जिन्याला काय करायचंय, घरात माणूस हाय का न्हाई ते?"

"त्यालाच करायचंय," वर्तक म्हणाले.

तुटलेल्या पायऱ्यांच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी तिला जे सांगितलं ते असं. सिमेंट दगडाला धरतं, कारण दगड पाणी पितो आणि सिमेंट त्याच्या छिद्रांत शिरून बसतं. प्लास्टिक पाणी पीत नाही. पावसात पिशवीवर थेंब कसा घरंगळतो, तसं सिमेंट प्लास्टिकवरून घरंगळतं. शिवाय उन्हात प्लास्टिक सिमेंटच्या कितीतरी पट जास्त फुगतं आणि थंडाव्यात तितकंच आकसतं. म्हणजे दर दिवसाला भिंतीच्या आत प्रत्येक कण थोडा हलतो आणि डोळ्यांना न दिसणारी एक चीर सोडतो. अशा भिंती महिनाभरातच खचतात. जगात सगळीकडे म्हणूनच काँक्रीटमध्ये प्लास्टिक चिमूटभर घालत. वर्तकांना ते पोत्यांनी घालायचं होतं, कारण डोंगर पोत्यांनीच संपणार होते.

त्यांनी एक जंतू घडवला. त्याला ते सांधजीव म्हणत. तो प्लास्टिकच्या कणावर वस्ती करतो आणि आपल्याभोवती चुनखडीचा थर साठवतो. त्या थराला सिमेंट घट्ट धरतं. दिवसा चीर पडली की हा जीव ती पुन्हा चुन्याने भरतो. सांधजीवाची भिंत रोज मोडते आणि रोज सांधली जाते. ती एकदा बांधून होत नाही, तिचं बांधकाम कायम चालू असतं.

"आता चुना करायला त्याला दोन गोष्टी लागतात," वर्तक म्हणाले. "दमट ऊब आणि कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत हा वायू अगदी थोडा असतो. पण आपण जो श्वास सोडतो ना, त्यात तो बाहेरच्या शंभर पट असतो. वर ओलावा असतो, ऊब असते. सांधजीवाला हवं ते सगळं माणसाच्या एका उच्छ्वासात आहे. जिन्याला तो दारांच्या झरोक्यांतून येईल तेवढाच मिळतो, म्हणून आधी जिना पडला."

श्रावणीला कळायला वेळ लागला नाही. कळलेलं मान्य करायला लागला. तिने मागे वळून इमारतीकडे पाहिलं. "म्हणून खिडक्या उघडत न्हाईत."

"हो. श्वास आत राहायला हवा."

"म्हणून गिलावा नको, रंग नको."

"भिंतीची छिद्रं बुजतात."

"स्लॅब टाकल्यावर वर वलं गोणपाट टाकतेत, पाणी मारतेत," ती सावकाश म्हणाली. "तसं आम्ही. आमाला भिंतीवर टाकलंय."

वर्तकांनी हाताला लागलेला चुरा झटकला.

"यंत्र लावता येत न्हाई का? वाफ सोडायचं, तुमचा तो वायू सोडायचं. वर्षानुवर्षं चालंल असं."

"लावता येतं. आम्ही तसा आराखडाही दिला होता." ते खाली बघत म्हणाले. "त्याला वीज लागते, देखभाल लागते, माणसं लागतात. मंडळाने विचारलं, घरात राहणारे श्वास तर घेणारच आहेत, मग यंत्र कशाला? शास्त्राच्या बाजूने त्यात चूक काढता येत नव्हती."

"आमाला कामून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर कोणी राहायला आलं नसतं, असं त्यांना वाटलं."

श्रावणीने त्यांना शिव्या दिल्या. रांगेने, नावं घेऊन, त्यांच्या प्रयोगशाळेपासून त्यांच्या पूर्वजांपर्यंत. गोळा झालेली माणसं ऐकत होती. वर्तक बसून राहिले, आणि त्यांचं ते बसून राहणं श्रावणीला आणखीच संताप देऊन गेलं. ज्याला लाज वाटते त्याने निदान उठून जावं, असं तिला वाटलं.

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सांगायला नको होती असं नंतर कित्येकांना वाटलं. गरम, दमट हवा वर चढते. त्यामुळे खालच्या खोलीतला श्वास मुख्यतः तिच्या छताला मिळतो. छत म्हणजे वरच्याची जमीन. प्रत्येक कुटुंब आपल्या डोक्यावरच्या कुटुंबाची जमीन सांभाळतं आणि स्वतः खालच्यांच्या भरवशावर उभं असतं. एका खोलीत निदान दोन मोठी माणसं कायम हवीत. त्याखाली गेलं की छत हळूहळू सुटायला लागतं.

त्या आठवड्यात इमारतीत कोणी चूल पेटवली आणि कोणी नाही, पण भांडलं प्रत्येक जण. काहींचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता निघावं. निघून जायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. डोंगर गेला होता, गावात जमीन नव्हती. आणि जे निघतील त्यांच्या डोक्यावर जे राहतात त्यांचं काय? स्वप्नीलतात्या खाटेवरून सगळं ऐकत. त्यांची खाट बरोबर श्रावणीच्या छतावर होती. रीवा लहान असताना श्रावणी डोंगरावर जायची तेव्हा तात्यांनीच तिला सांभाळलं, वरणात भाकरी कुस्करून भरवली, अक्षरं शिकवली. तेव्हा त्यांचे पाय होते.

श्रावणीने चौकात सभा घेतली. ती बोलायला उभी राहिली.

"एकेकानं पळून गेलं तर मागचे मरतील," ती म्हणाली. "आणि मंडळाला तेच पायजे. निम्मे गेले, निम्मे मेले, जागा मोकळी. म्हणून कोणी हलायचं न्हाई. सगळ्याला दगडविटाची घरं भेटतील तव्हा सगळे एकदम निघू. तवर इथंच ठिय्या. त्यानला वाटू द्या, आता हे हलत न्हाईत."

मग ताटात बेल आणि भंडारा आणला. गावाकडे निवडणुकीत, भावकीच्या तंट्यात, जिथे माणसाचा शब्द पुरत नाही तिथे भंडारा उचलतात. खंडोबाची हळद हातात घेऊन जे बोललं ते मोडलं तर वंशाला भोवतं. सहीशिक्क्याचा कागद ही माणसं सहज फिरवतील, उचललेला भंडारा फिरवत नाहीत. प्रत्येक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ताटाला हात लावला. श्रावणीने सगळ्यांत आधी. रीवाने हात लावला तेव्हा श्रावणी तिच्याकडे बघून हसलीसुद्धा. घरं पावसाळ्याआधी मिळतील याची तिला खात्री होती, कारण एवढी माणसं एकीने बसलेली तिने कधी पाहिली नव्हती.

ठिय्या चांगला चालला. कोणी कामाला गेलं तरी रात्री परत. लग्नाला, मयताला कोणी गावी गेलं नाही. छायाचित्रं छापून आली, मोर्चे आले, भाषणं झाली. मंडळाने एक समिती नेमली. जिन्याच्या जागी लोखंडी जिना लावला. पावसाळा आला, निम्मा सरला. समितीने मुदत वाढवून मागितली आणि मंडळाने ती आनंदाने दिली.

वर्तक अधूनमधून येत, भिंतीला एक छोटं यंत्र लावत, काहीतरी टिपून घेत. एकदा श्रावणीने त्यांना दारातच अडवलं.

"काय सांगतंय तुमचं यंत्र?"

ते घुटमळले. "भिंती चांगल्या आहेत."

"चांगल्या म्हणजे?"

"श्रावणीताई, मी खोटं बोलणार नाही. इमारत बांधल्यापासून इतकी मजबूत कधीच नव्हती. पूर्वी लोक जत्रेला जायचे, माहेरी जायचे, कोणी ना कोणी बाहेर असायचं. आता गेले चार महिने सगळी माणसं घरात आहेत. चुन्याचे थर दुप्पट झालेत."

तिने भिंतीवर हात टेकला आणि लगेच काढून घेतला.

"मंडळाला घाई नाही ती त्यामुळेच," ते पुढे म्हणाले. "तुम्ही बसलात तेवढं त्यांना बरं आहे. कायद्याने कोंडता आलं नसतं इतकं तुम्ही स्वतःला कोंडून घेतलंय. दुसऱ्या गावांत अशा बारा वसाहती उभ्या राहणार आहेत. तिथे लोकांना सुरुवातीलाच अशी शपथ घ्यायला लावता येईल का, अशी बैठकीत चर्चा झाली."

"कोण बोललं हे?"

"बरेच जण."

"आन् तुमी काय बोललात?"

वर्तकांनी यंत्र पिशवीत घातलं. श्रावणीने ती पिशवी हिसकली आणि गॅलरीतून खाली फेकून दिली. ते जिना उतरले, यंत्राचे तुकडे गोळा केले आणि गेले. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आपला राग, आपली एकी, देवाची हळद, सगळं कालवून भिंतीत भरलं गेलं होतं, आणि ते आपणच आपल्या हाताने भरलं होतं. तिला मंडळाचा राग आला, वर्तकांचा आला, देवाचाही आला. स्वतःचा सगळ्यांत जास्त आला.

पावसाळा संपला. रीवाला नागपूरला हजर होण्याचा दिवस जवळ आला. ती हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"मी जात नाही," रीवा म्हणाली. "मी भंडारा उचललाय. आणि वर तात्या आहेत."

"तू जाणार," श्रावणी म्हणाली. "शपथ मी मोडते. भोवलं तर मला भोवंल."

"तुला एकटीला मोडून चालत नाही आई. खोलीत दोघं लागतात."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे श्रावणीने तिच्यावर हात उगारला. मारला नाही. रीवा जाणार ही बातमी त्याआधीच वर गेली होती, कारण त्या इमारतीत आता प्रत्येक जण दुसऱ्याच्या घरातली माणसं मनातल्या मनात मोजत असे. पूर्वी कोणी पाहुणा आला की साखर मागायला येणाऱ्या बायका आता दार लोटून आत बघत, दोघं आहेत ना. कोणाचा मुलगा उशिरा आला तर वरच्या मजल्यावरून विचारणा व्हायची. या माणसांना मंडळाने पहारेकरी नेमलं नव्हतं. नेमायची गरजच राहिली नव्हती.

श्रावणी तात्यांकडे गेली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तात्या, पोरीचं नशीब हाय. तिला जाऊ द्या म्हणा. तुमी म्हनला तर बाकीचे ऐकतील."

तात्या तसेच पडून म्हणाले, "म्हनायला पायजे मी. तिला मीच शिकवलं वाचायला. पर मला भ्या वाटतंय, श्रावणे. रात्रंदिस इथंच पडून ऱ्हातो. खाली तुमी दोघी बोलता, भांडता, ते कानावर येतं तव्हा झोप लागती. ती गेली की मी खाली कान देऊन बसन. म्हातारा झालो, मरायला हरकत न्हाई. पर पडून मरायचं भ्या वाटतंय."

श्रावणीला त्यांची कीव आली आणि तितकाच संताप. तीन पिढ्यांनी दुसऱ्याची घाण उचलली. त्या घाणीची भिंत झाली, आणि आता ती भिंत या म्हाताऱ्याला एका मुलीचे पाय धरून ठेवायला लावत होती. ती खाली आली.

दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या कार्यालयात गेली. व्यवस्थापकाने तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. आजवर तिला तिथे कोणी खुर्ची दिली नव्हती.

"अहो, तुमच्या मुलीला आम्ही कशाला अडवू?" तो म्हणाला. "अभिमानाची गोष्ट आहे. आमची अट एवढीच, खोलीत माणसं कमी व्हायला नकोत. मुलगी जाऊ दे आणि तिच्या जागी कोणी आणा. नातलग नसेल तर नवं कुटुंब आणा. तुमच्याबरोबर राहील. आम्ही त्यांचं नाव लगेच चढवू."

"तुमी आणा की."

"आमच्यावर कोण विश्वास ठेवतं आता?" तो हसला. "तुमच्यावर ठेवतील. तुम्ही त्यांच्यातल्या."

चहा तसाच ठेवून ती उठली. त्याच्या तोंडावर तो फेकावा असं तिला मनापासून वाटलं. फेकला नाही, कारण त्याच्याच हातात रीवाचं जाणं होतं.

घरी गेल्यावर तिने सोसायटीत सांगितलं, रीवाच्या बदल्यात माणसं येतायत. एकीपेक्षा जास्त येतील. आणि शपथेचं काय, असं कोणीतरी विचारेल असं तिला वाटलं होतं. कोणी विचारलं नाही. एका बाईने उलट विचारलं, असं बदली माणूस आणलं तर आमच्या सुनेला पण माहेरी जाता येईल का. दुसरी म्हणाली, मला भावाकडे जायचंय. श्रावणीच्या ध्यानात आलं, भंडारा मोडला तो तिनेच, आणि बाकीचे तिने मोडण्याचीच वाट बघत बसले होते.

जुन्या डोंगराच्या जागेपलीकडे, खाडीच्या चिखलाला लागून, त्या वर्षी नवी माणसं उतरली होती. मराठवाड्याच्याच दुसऱ्या टोकाची, पाण्यापायी गाव सोडलेली. बांबू रोवून त्यांवर प्लास्टिकचे कागद ताणून त्यांनी पालं ठोकली होती. शहर नव्याने फेकत होतं ते वेचून जगत होती. पाचव्या इमारतीचं प्रकरण त्यांच्या कानांवर आलंच नव्हतं. श्रावणी चिखल तुडवत त्यांच्यात गेली. वाटेत तिने ठरवलं होतं, सगळं सांगायचं. खिडक्या, जिना, श्वास, सगळं. सांगूनही ती येतील, कारण पालापेक्षा काहीही बरं. मग आपल्या अंगावर काही राहणार नाही.

पहिल्या पालाबाहेर एक बाई मूल पाजत बसली होती. साक्षी नाव तिचं. श्रावणी तिच्यासमोर बसली, गाव विचारलं, कुळाचा देव विचारला. खंडोबाच निघाला.

"माह्या घरात जागा हाय," श्रावणी म्हणाली. "पक्कं घर. मही पोरगी नागपूरला चालली. कोणी ऱ्हायला पायजे."

"भाडं?"

"भाडं न्हाई."

साक्षी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. फुकट घर देणाऱ्या माणसाकडे शहाण्या माणसाने जसं बघावं तसं. आत्ताच सांगायचं, असं श्रावणीने मनात म्हटलं. तोंड उघडलं. पण ही बाई घाबरली तर? नको म्हणाली तर? दुसऱ्या पालात, तिसऱ्या पालात जाऊन पुन्हा सांगायचं, आणि गाडी परवाची.

"पाणी येतं?" साक्षीने विचारलं.

"सकाळ-सांज येतं."

"पर बाई, आमी लई जण हावोत." साक्षी आवाज खाली करून, जणू चोरी कबूल करावी तसं म्हणाली. "सासू हाय. दीर हाय, त्येची बायकु, लेकरं. सासरा आंधळा हाय. जिथं जातो तिथं आधी म्हनत्यात, निम्मे बाहेर ठिवा."

"सगळे या," श्रावणी म्हणाली.

"सगळे?"

"जितके हाव तितके या. कोणाला मागं ठिवू नका."

साक्षी रडायला लागली. मूल तसंच छातीशी धरून ती वाकली आणि श्रावणीच्या चिखलाने भरलेल्या पायांवर तिने डोकं ठेवलं. एवढ्या माणसांना कोण घेतं वो बाई, असं ती म्हणत होती. आतून सासू आली, तिने कडाकडा बोटं मोडून श्रावणीची दृष्ट काढली. श्रावणीला त्या दोघींचा इतका राग आला की त्यांना धरून हलवावं, कानाखाली वाजवावी, विचारावं की तुम्हाला कोणी काही फुकट दिलंय का कधी, मग मला का विचारत नाही.

"उठ," ती म्हणाली. "सामान बांधा."

एकेक जण पालातून वाकून बाहेर येऊ लागला. दीर आला, त्याची बायको आली, मुलं आली, आंधळ्या म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं. श्रावणी बाजूला उभी राहिली आणि मनात मोजू लागली. साक्षीच्या कडेवरचं तान्हं मोजणीत धरावं की नाही, तिला क्षणभर कळेना. मग तिने तेही धरलं.